आप्पा उठेपर्यंत

बँकेत, दवाखान्यात, टोलनाक्यावर, कुठंही रांग दिसली की आजूबाजूच्या लोकांचे चेहरे पडतात आणि माझा खुलतो. परवाच डिंडोलीच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाई दर दोन मिनिटांनी "अजून किती वेळ हो?" म्हणून कपाळाला हात लावत होत्या, आणि मी आपली बघत होते की आत गेलेला माणूस किती वेळानं बाहेर येतो, मधेच औषध कंपनीचा पोरगा बॅग घेऊन कसा घुसतो, आणि एक म्हातारी आत गेली की बाहेर सगळं कसं ठप्प होतं. मुलगा चिडून म्हणाला, "आई, तू डॉक्टरला दाखवायला आलीस की दवाखाना बघायला?" आता याला काय सांगू? माझा सगळा जन्म रांगा बघण्यात गेला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यातही रांगेत माणसाला किती वाट बघावी लागते याचं गणित हा माझा आवडता भाग. मुलं समजायची की बाई हे इंग्रजी पुस्तकातून शिकून आल्यात. कसलं पुस्तक! मी ते सुरतेतल्या बमरोलीत, आमच्या खानावळीच्या दारात, मोरीच्या कडेला उभी राहून शिकले.

बमरोलीतलं आमचं घर म्हणजे एका लांबट चाळीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. मागची खोली स्वयंपाकाची आणि आमच्या झोपण्याची, पुढची मोठी खोली खानावळीची. घराच्या तिन्ही बाजूंना कापडाच्या यंत्रमागांचे कारखाने. दिवसरात्र खटाखट, खटाखट. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची तेव्हा माग थांबायचे आणि आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं, शांततेनं झोपमोड व्हायची. त्या आवाजामुळं बमरोलीतला प्रत्येक माणूस ओरडूनच बोलायचा. लग्नाची बोलणीसुद्धा भांडण चालल्यासारखी व्हायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अशाच एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग चालवणारा नव्हे, बिघडलेला माग ठीक करणारा. कारागिरांपेक्षा त्यांचा मान जास्त, खिशात कायम पाना, आणि कान अर्धे गेलेले. त्यांच्याशी बोलताना समोर उभं राहून तोंड नीट हलवावं लागे. आमचं मूळ गाव अमळनेरकडचं. आबांच्या मनातून ते गाव कधी गेलंच नाही. कारखान्यातून आले, पाय पसरले की त्यांचं सुरू व्हायचं, "आता तिकडे कपाशीला बोंडं आली असतील." माय आतून ओरडायची, "आली तं आली! आठे भाकरी जळी राह्यनी!"

माय खानावळ चालवायची. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, बाहेर पडलं की गुजराती-हिंदीची खिचडी, आणि पाहुणे आले की माय मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायचा प्रयत्न करून अर्ध्यातच सोडून द्यायची. तिच्या हातची कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि थंडीत वांग्याचं भरीत. भरीत असलं की त्याचा भाजल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि त्या दिवशी रांग पानटपरीपर्यंत. खान्देशातून आलेली पोरं, बायको-पोरं गावी ठेवून आलेली, एकेका खोलीत दहा-दहा जण राहणारी, दुपारी आमच्याकडे जेवायला यायची. खोलीत भिंतीलगत दोन पंगती बसायच्या, समोरासमोर. बाकीचे बाहेर रांगेत. मायचा एकच हट्ट होता, भाकरी तव्यावरून थेट ताटात. आधी थापून डब्यात भरून ठेवा म्हटलं की ती तवा आपटायची. "थंडी भाकर मी कोनले देवाव नही!" मग कोणाची हिंमत आहे?

आता यात घोळ असा की कारागिरांना जेवायला अर्धाच तास मिळायचा. एकेकाकडे चार-सहा माग. जेवायला जाताना शेजारच्याला "माझ्याकडंही बघ रे" सांगून जायचं, आणि परत येऊन मग त्याला सोडायचं. म्हणजे अर्धे आधी जेवणार, अर्धे नंतर. पहिल्याला परतायला उशीर झाला की दुसरा तिकडे दोघांचे माग सांभाळत शिव्या घालत उभा. धागा तुटला, कापडात दोष आला की मुकादम पगारातून कापणार. तरी पोरं आमच्याकडे टिकून होती, कारण पर्यायच नव्हता. मग पर्याय आला. समोरच्याच गाळ्यात एकानं खानावळ काढली. आम्ही त्याला समोरवालाच म्हणायचो. त्याच्याकडे उंच टेबलं, उभ्यानं जेवायचं, पोळ्या सकाळीच लाटून डब्यात भरलेल्या. पोळी कातड्यासारखी व्हायची, चावता चावता जबडा दुखावा, पण रांग नाही. जा, खा, निघा. दिवाळीनंतर आमच्या रांगेतली पोरं एकेक करून खाली मान घालून रस्ता ओलांडायला लागली. मायकडे बघायचं टाळायची बिचारी.

एका संध्याकाळी आबांनी ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं. "आखाजीपर्यंत बघू. तोवर गिऱ्हाईक परत नाही आलं तर खोली सोडायची, गाठोडं बांधायचं, गावी जायचं." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. ते बोलणं रागाचं नव्हतं, उलट आबांचा आवाज जरा हलका झाला होता. पुढच्या खोलीचं भाडं खानावळीतून निघायचं, माझं कॉलेजही त्यातूनच. गावी गेलो असतो तर आबांना त्यांची कपाशी मिळाली असती, मायला गावच्या घरातली चूल मिळाली असती, आणि मला मिळाला असता अमळनेरचा एक किराणा दुकानदार, ज्याचं स्थळ काकांनी आधीच शोधून ठेवलं होतं. माणूस वाईट नसेल, पण मला दुकानदार नको होता, मला बी.एस्सी. पुरं करायचं होतं. बमरोलीच्या आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि मी शेवटच्या वर्षाच्या तोंडाशी येऊन थांबणार? मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि सकाळी उठून ठरवलं की खानावळ चालली पाहिजे. कशी, ते माहीत नव्हतं.

योगायोग बघा, त्याच दिवसांत पारुलबेननी वर्गात रांगांचं प्रकरण काढलं. पारुलबेन आमच्या संख्याशास्त्राच्या बाई, सुती साडी, तोंडात बडीशेप, आणि फळ्यावर लिहायला लागल्या की खडूचा चुरा खांद्यापर्यंत. त्या म्हणाल्या की रांगेत वाट बघायची वेळ नक्की सांगता येत नाही, पण तिचा आकार सांगता येतो. आकार! कुणाला थोडं थांबावं लागेल, कुणाला खूप, पण शंभर जणांत साधारण किती जणांना किती, हे एका वक्ररेषेत मांडता येतं. माणसं एकमेकांना न विचारता, आपापल्या मनानं येत असतील तर ठराविक वेळात किती येतील याचं वितरण एक प्रकारचं. त्याला एका फ्रेंच गणितज्ञाचं नाव आहे, प्वासाँ, आम्ही त्याला वर्गात पावसा म्हणायचो. सेवेला लागणाऱ्या वेळेचं वितरण दुसऱ्या प्रकारचं, घातांकी. हे दोन बसले की रांग किती वाढेल, सरासरी माणूस किती थांबेल, सगळं सूत्रातून पडतं. बाकीची पोरं वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळत होती आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मला फळ्यावर आमच्या मोरीच्या कडेची रांगच दिसत होती.

मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. कॉलेज सकाळचं असायचं, प्रॅक्टिकल नसलं की दुपारी मी मोकळी. आबांचं जुनं घड्याळ मनगटावर सैल बांधून दारात उभी राहायचे. कोण कधी आलं, कोण कधी बसलं, पहिली भाकरी ताटात कधी पडली, शेवटचा घास कधी गेला. पोरं वैतागली. एक जण म्हणाला, "शोभाताई, घास मोजतेस का काय? गिळू का नको?" दुसऱ्यानं माझं नाव सीआयडी ठेवलं, ते पुढं किती तरी दिवस टिकलं. आप्पा तेवढे खूश होते. आप्पा म्हणजे आमच्या गावचे, आबांच्याच कारखान्यातले सगळ्यात वडीलधारे कारागीर. तोंडात दात मोजकेच, डोक्यावर पांढरी टोपी, आणि गप्पांचा पूर. एका भिंतीची पंगत आप्पांच्या टोळीचीच असायची, सगळी आमच्याच गावची पोरं. आप्पा भाकरी डाळीत कुस्करायचे, ती भिजेपर्यंत एक गोष्ट सांगायचे, मग दोन घास, मग दुसरी गोष्ट. मला म्हणाले, "काय मोजी राह्यनी वं, पोरी?" मी म्हटलं, "आप्पा, तुमची वेळ." त्यावर ते इतके हसले की ठसका लागला. "मनी वेळ? मनी वेळ तं आते यमराज मोजस!"

घरी मी मायला सगळं समजावायला बसले. घातांकी वितरणाची एक गंमत असते, त्याला आठवण नसते. म्हणजे एखादा माणूस कितीही वेळ जेवत असला तरी त्याला अजून किती वेळ लागेल, याचं उत्तर आत्ताच बसलेल्या माणसाइतकंच. मायनं थापता थापता हात थांबवला. "म्हंजे अर्धी भाकर खाल्ली तरी पुरी भाकर बाकी?" मी म्हटलं, "तसं नाही गं, पण सरासरीनं..." "आगं पोरी, मंग त्या मानूसनं पोट कव्हय भरस?" आबा अर्ध्या कानानं ऐकून एवढे हसले की पाना खिशातून पडला. मी रागानं आत गेले. आजही वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात, आणि मी त्यांना सांगते की बाबांनो, माझी आई बरोबर होती, भाकरी घातांकी नसतेच. टेलिफोनवरची बोलणी असतील, भाकरी नाही. पण तेव्हा मला सूत्र हातातून सोडवत नव्हतं, इतकी मी त्याच्या प्रेमात होते.

सूत्रानं मला सांगितलं की अडतंय ते तव्यापाशी. एकच तवा, एकच माय, भाकरी एकामागून एक. सेवा देणारे दोन केले की वाट बघण्याचा वेळ अर्ध्याहूनही कमी होतो, हे तर पुस्तकात ठळक छापलेलं. मी मायच्या मागे भुणभुण लावून दुसरी चूल मांडायला लावली आणि शेजारच्या काशीमावशीला थापायला बसवलं. काशीमावशीचा हात एकदम झपाट्याचा. आणि झालं काय? रांग जिथल्या तिथं! उलट भाकऱ्या भराभर उतरायला लागल्या, बसलेले लोक तितकेच, मग भाकऱ्या टोपलीत साठल्या आणि गार झाल्या. मायच्या खानावळीत गार भाकरी! तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी घड्याळ काढून फळीवर ठेवलं. काशीमावशी जाताना म्हणाली, "शोभे, तुझं कॉलेज लई भारी दिसतंय गं." समोरवाल्याच्या दारात आमचीच पोरं उभ्यानं पोळी ओढत होती, आणि आखाजी महिन्या-दीड महिन्यावर आली होती. आबांनी गावी काकांना निरोपही धाडून ठेवला की घराची डागडुजी करून घे.

मी आकडे घेऊन पारुलबेनकडे गेले. रडवेली झाले होते. त्यांनी बडीशेप चघळत सगळं बघितलं, चुका शोधल्या नाहीत, बेरजा तपासल्या नाहीत, एवढंच विचारलं, "जग्या क्यारे खाली थाय छे?" जागा रिकामी कधी होते? मी म्हटलं, "बेन, जेवण झाल्यावर." त्या म्हणाल्या, "तें जोयुं?" तू बघितलंस? बघितलं नव्हतं. मी शेवटचा घास टिपला होता. त्यापुढं माणूस उठतो हे काय बघायचं असतं?

दुसऱ्या दिवशी मी फक्त तेवढंच बघत उभी राहिले, आणि मला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. कोणी उठतच नव्हतं! पोरं भराभर जेवायची, ताट पुसून चाटून लख्ख करायची, आणि तशीच मांडी घालून बसायची. हात वाळायचे, बोटांवर डाळीचा पापुद्रा धरायचा, पण उठायचं नाव नाही. का? तर आप्पांचं व्हायचं होतं. आमच्यात पंगतीतल्या वडीलधाऱ्यानं हात धुतल्याशिवाय ताटावरून उठत नाहीत. उठला तर तो त्याचा अपमान. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी लहानपणापासून तशीच जेवत आले होते, आबांचा हात वाळेपर्यंत कितीदा तरी बसले होते. म्हणूनच मला ते दिसलं नाही. समोरवाल्याला कोणी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, असं कसं? मला मात्र माणसं बसून राहणं हे हवेसारखं होतं. मी प्रत्येकाच्या जेवणाची सरासरी काढत बसले होते आणि आमच्या पंगतीला सरासरीशी काही देणंघेणंच नव्हतं. पंगत चालत होती सगळ्यात हळू जेवणाऱ्यावर. मी कागदावर दोन्ही आकार काढले. एकेकट्याच्या जेवणाचा डोंगर डावीकडे, आटोपशीर. पूर्ण पंगतीच्या उठण्याचा डोंगर पार उजवीकडे सरकलेला, आणि त्याला लांबच लांब शेपूट. ते शेपूट म्हणजे आमचे आप्पा. पंगत जितकी मोठी, तितकी तिच्यात एखादा आप्पा सापडण्याची शक्यता जास्त, हेही त्याच कागदावर उतरलं. मी चाळीतून नाचत घरी... म्हणजे घरीच होते, मागच्या खोलीत नाचत गेले.

आता पुढं काय? आप्पांना भरभर जेवा सांगणार कोण? आणि पोरांना उठा म्हणणार कोण? मायला नुसतं सुचवलं तर तिनं लाटण्याकडे बघितलं, आणि आमच्याकडे लाटणं भाकरीसाठी नसतं. मग मीच डोकं चालवलं. आप्पांना पंगतीतून हलवायचं, पण मानानं. माय दारात जाऊन म्हणाली, "आप्पा, तुम्ही घरना मानूस, बाहेर काय बसतस? चूलपाशी बसा, ऊनऊन खा." चुलीपाशी ताट म्हणजे जावयाचा मान. आप्पा फुलून गेले, टोपी सारखी करून आत येऊन बसले, आणि मायला गावातल्या सगळ्या मेलेल्या-जित्या माणसांच्या गोष्टी सांगायला लागले. मी दारात घड्याळ धरून उभी, आता पंगत उठेल, आता उठेल. पोरांची ताटं रिकामी झाली. पोरं बसूनच. बाहेरची रांग ओरडायला लागली. मी न राहवून विचारलं, "अरे, उठा ना! आप्पा तर आत आहेत!" त्यातला एक, आप्पांच्याच कारखान्यातला, आतल्या दाराकडे मान करून म्हणाला, "त्यास्नं व्हऊ दे ना ताई. खोकला ऐकू येतोय, म्हणजे अजून जेवताहेत." भिंतीआडच्या म्हाताऱ्याच्या खोकल्यावर कान लावून सगळी पंगत वाळल्या हातांनी बसली होती! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. आज सांगते, त्या पोरांचा मला तेव्हा भयंकर राग आला होता आणि आता त्यांच्याइतकं प्रेम कुणावरच येत नाही.

दोन दिवस आप्पा चुलीपाशी बसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, आत करमत नाही, मला पोरांत बसू दे. बसले. आम्ही पुन्हा होतो तिथंच. त्या रात्री जेवताना मी वैतागून आबांना म्हटलं, "शेवट तर सगळ्यांचा एकत्रच व्हायला हवा. मग सुरुवात एकत्र कशाला? आप्पांना पाव तास आधी सोडलं तर? ते आधी बसतील, पोरं नंतर येतील, आणि सगळे मिळून उठतील. कुणाचा अपमान नाही, काही नाही." मी हे ओरडून, तोंड नीट हलवून सांगितलं. माय म्हणाली, "आनि त्यास्ना माग कोन देखी? पोरं आपला आपला मागवर राहतीन." ते खरंच होतं. सगळे कामावर असताना तो जास्तीचा पाव तास आप्पांचे माग कोण सांभाळणार? पाव तास ते बंद ठेवले तर मुकादम आप्पांना घरी बसवणार. त्या म्हाताऱ्याला दुसरीकडे कोण घेणार होतं? माझं गणित तिथं संपत होतं. आबांनी ठेच्याचं बोट चाटलं, हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच, रांग लागायच्या आधी हजर! "आबांनी सोडलं आधी," एवढंच म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले. त्यांची अर्धी डाळ आणि दीड गोष्ट झाली तोवर पोरं आली. बसली, जेवली, आप्पांनी शेवटचा घास घेतला, टोपी झटकली आणि सगळी पंगत एकदम, धाडकन, उठली. मोरीवर हात धुवायला एवढी गर्दी झाली की पाण्याचा ड्रमच आडवा झाला. दुसऱ्या भिंतीची पंगत पारोळ्याकडच्यांची, त्यांनीही आपल्या म्हाताऱ्याला आधी धाडायला सुरुवात केली. आठवडाभरात रांग इतकी पुढं सरकली की पानटपरीवाला मायला म्हणाला, "मावशी, तुम्ही माझा धंदा बुडवला, रांगेतली पोरं विड्या घ्यायची." पोरं रस्ता ओलांडून परत यायला लागली. पहिला परत आला त्यानं मायच्या पायाला हातच लावला, म्हणाला, "तिकडची पोळी खाऊन जबडा सुटला, मावशी." आणि काशीमावशी पुन्हा थापायला बसली, कारण आता खरोखर तवाच कमी पडायला लागला होता. पारुलबेननी मला वर्गात फळ्याशी उभं केलं आणि आप्पांचा डोंगर काढायला लावला. मी गुजरातीत सगळं समजावलं, पोरं हसली, टाळ्या झाल्या. एक जण म्हणाला, आमच्याही घरी असा आप्पा आहे, त्याचं काहीतरी सूत्र दे.

आखाजी आली. चाळीतल्या पोरींनी कारखान्याच्या मागच्या कडुलिंबाला झोका बांधला, मायनं खापरावरचे मांडे केले, आमरसाचं पातेलं पंगतीत फिरलं. गाठोडं बांधायचा विषय कोणी काढला नाही. आबा मात्र हल्ली सगळ्यांच्या शेवटी जेवायला यायचे, म्हणजे पार खोली झाडून झाल्यावर. कारखान्यात काम वाढलं असेल म्हणून मी काही विचारलं नाही, माय मात्र धुसफुसायची. एके दुपारी तिनं माझ्या हातात डबा दिला. "जा, देई ये. भुक्या मरस तो."

मी कारखान्यात गेले. आत शिरलं की काही ऐकू येत नाही, नुसतं छातीत धडधडतं. आबा त्यांच्या बाकड्यापाशी नव्हते. एका पोरानं हातानं खूण केली, तिकडे. तिकडे आप्पांचे माग होते. आप्पा यावेळी आमच्याकडे भाकरी कुस्करत बसलेले मी स्वतः बघून आले होते, आणि त्यांच्या मागांवर आबा उभे होते. एका मागावरून दुसऱ्यावर, तुटलेला धागा जोडत, सुताची नळी बदलत, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. जॉबरनं माग चालवायला उभं राहणं म्हणजे हेडमास्तरनं घंटा वाजवायला बसणं. पोरं गालातल्या गालात हसत असणार, मुकादमानं टोमणे मारले असणार. आप्पा परतले की मग आबांना स्वतःचं रेंगाळलेलं काम उरकायचं, आणि मग जेवण. रोज. मला कळलं ते सगळं एकदम कळलं. रांगेतला जेवढा वेळ मी वाचवला म्हणून फळ्यापुढं मिरवत होते, तो कुठं गेला होता हे माझ्यासमोर उभं होतं. आणि हा माणूस तोच होता ज्याला गावी जायचं होतं. खानावळ बुडाली असती तर सगळ्यात जास्त आनंद याला झाला असता. त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसतं ओट्यावर बसून आखाजीची वाट बघायची होती.

मला रडू आवरेना. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि घाबरले, घरी काही झालं की काय. मी मान हलवली, डबा दाखवला. ते जवळ आले, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "काय व्हयनं? जमनं ना तुनं गणित?" मी म्हटलं, जमलं. मग त्यांच्या समोर उभी राहून, तोंड नीट हलवून विचारलं, "आबा, तुमले गावले जावानं व्हतं ना?" त्यांनी शेजारच्या मागाकडे नजर टाकली, तिथं धागा तुटला होता. जाता जाता म्हणाले, "जाऊ ना. तुनी परीक्षा व्हऊ दे."

ती परीक्षा झाली. मग एम.एस्सी.ची झाली, मग नोकरीची, मग बढतीची. आबा शेवटपर्यंत सुरतेतच राहिले, कारण माझी कुठली ना कुठली परीक्षा कायम बाकी होती.